केतकीसाठी घावन

"अजून एक घालू?"

केतकीच्या तोंडात घास होता. तिने नुसती मान हलवली, हो म्हणून. मी पळीभर पातळ पीठ तापल्या तव्यावर बाहेरून आत असं गोल ओतलं. चर्र झालं, छान जाळी पडली. वर झाकण ठेवलं आणि तिच्या वाटीत नारळाचा रस वाढायला वळले.

"हे तिसरं हां," मी म्हणाले. "वर्गात डुलक्या लागल्या तर बाईंना माझं नाव सांगू नकोस."

ती हसली. ओठाच्या एका कोपऱ्यानेच, पण हसली. माझ्या सासूबाई, अक्का, मागच्या दारात मिश्री लावत बसल्या होत्या. त्यांनी बाहेर पचकन थुंकून मान आत वळवली.

"खाऊ दे की गं. दोन वर्षांत पहिल्यांदा पोरगी सकाळचं मागून खातीया."

मला तर आभाळ ठेंगणं झालं.

ही कराडची गोष्ट, पुष्कळ वर्षांपूर्वीची. केतकी आता सोलापूरला बँकेत आहे. तिला विचाराल तर म्हणेल, मला नाही बाई आठवत. खोटं बोलते. सगळं आठवतं तिला.

मी तेव्हा त्या घरात नवी होते. नवी म्हणजे चाळिशीला टेकलेली नवी नवरी. तोवरचं आयुष्य चिपळूणजवळच्या आमच्या गावात भावाच्या संसारात गेलेलं. जयवंतरावांचं स्थळ आलं तेव्हा वहिनीने दोन गोष्टी सांगितल्या. एक, माणूस सरळ आहे, साखर कारखान्यात फिटर आहे, पहिली बायको जाऊन बरीच वर्षं झाली. आणि दुसरी, दहा वर्षांची मुलगी आहे, तिचं खाण्यापिण्याचं जरा जास्तच आहे.

हे 'जरा जास्तच' मला कुंभार्ली घाट चढून इकडे आल्यावर कळलं. केतकीला गहू चालत नव्हता. पोळी नाही, पाव नाही, बिस्कीट नाही, रवा नाही, शेवया नाहीत. चिमूटभर गहू पोटात गेला तरी तिच्या आतड्याला सूज येते, असं दोन वर्षांपूर्वी साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या सुजलेल्या आतड्याला दूधही झेपत नाही, म्हणून दूध, दही, ताक, खवा सगळं बंद. अहो, फोडणीतला हिंगसुद्धा बंद, कारण डबीतल्या हिंगात कणीक मिसळलेली असते म्हणे. मी हे ऐकलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मग ही पोर खाते तरी काय?"

तर भाकरी. अक्कांच्या हातची ज्वारीची भाकरी, सकाळ, दुपार, संध्याकाळ. सात वाजायच्या आत शाळेची रिक्षा दारात यायची. अक्कांना गुडघ्यांमुळे पहाटे उठवत नसे, त्यामुळे सकाळी रात्रीचीच भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. केतकी चतकोर खायची, बाकीची ताटलीखाली सरकवायची. हातापायांच्या काड्या झालेल्या.

मी कपाळावर हात मारून घेतला. तांदूळ आणि नारळ यावर तर आमचं सगळं कोकण जगतं! तांदळाचं पीठ, पाणी, मीठ, झालं घावनाचं पीठ तयार. ओला नारळ वाटून पिळायचा, त्या रसात गूळ आणि वेलदोडा. गव्हाचा कण नाही, दुधाचा थेंब नाही, आणि पोर आंघोळ करून वेण्या घालून येईपर्यंत ताटलीत गरमागरम. हा आजार कोकणातल्या कुणाला झाला असता तर त्याला पत्तासुद्धा लागला नसता, असं मी अक्कांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

केतकी मला कशानेच हाक मारत नसे. 'आई म्हण' असं अक्कांनी तिला एक-दोनदा सांगून बघितलं, तेव्हा तिने मान इतकी खाली घातली की मीच म्हटलं, राहू दे. ती आपली 'ऐका ना' म्हणायची. पण घावनं सुरू झाली तशी ती ओल्या केसांनी ओट्यापाशी येऊन उभी राहायला लागली. "जाळी पडली," असं मला सांगायची, जसं काही मला दिसत नव्हतं. मग हळूहळू शाळेतलं सांगायची. वर्षा नावाची बाकावरची मैत्रीण, तिची भांडणं, मराठीच्या बाईंची साडी. रोज सकाळी तेवढा वेळ ती माझी असायची, आणि खरं सांगू का, त्या वेळासाठी मी पहाटेपासून जागी असायचे.

आणि मग तिचं पोट दुखायला लागलं.

पहिल्यांदा वाटलं, चाचणी परीक्षेची भीती असेल. मग पुन्हा दुखलं. मग शाळेतून फोन आला, मुलीला उलटी झाली आहे, घेऊन जा. जयवंतराव कारखान्यातून तसेच गेले आणि तिला स्कूटरवर पुढे उभी करून घेऊन आले. तोंड आलेलं, पोट फुगलेलं, चेहरा पांढराफटक. अक्कांनी ओव्याचं पाणी दिलं, पोटावर शेक दिला आणि विचारलं, "कुठं काय खाल्लंस गं?"

"काही नाही."

"खरं सांग."

"काही नाही खाल्लं, आजी."

दर वेळी तेच. कधी दोन दिवस बरं असायचं, की पुन्हा मुरडा. जयवंतराव तिला साताऱ्याला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, गहू जातोय पोटात, शंकाच नको. घरात सगळं पाळत असाल तर बाहेर लक्ष ठेवा. झालं! जयवंतराव शाळेत जाऊन बाईंना सांगून आले, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला तंबी देऊन आले. पोरीच्या मागे सगळ्यांचे डोळे लागले. आणि सकाळी ती ओट्यापाशी उभी राहून घावन खात होती, गपचूप.

माझ्या भाचीचा साखरपुडा होता म्हणून मी मधे आठवडाभर माहेरी गेले. परत आले तेव्हा एसटी स्टँडवर जयवंतरावांबरोबर केतकी आली होती. मी खिडकीतूनच पाहिलं. गालांवर रंग होता. मी उतरले तशी धावत आली, माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि म्हणाली, "ऐका ना, उद्या घावन कराल?"

"करते की! उद्या कशाला, आता घरी गेल्यावर करते."

तिथे फलाटावर माझे डोळे भरून आले. तोपर्यंत असं कुणी माझी वाट बघितल्याचं मला आठवत नव्हतं. जयवंतरावांना म्हटलं, धूर गेला डोळ्यांत एसटीचा.

दुसऱ्या दिवशी शाळेतून पुन्हा फोन आला.

त्या संध्याकाळी मी कोथिंबीर निवडत होते. अक्का येऊन समोर बसल्या, गुडघे चोळत राहिल्या. बोलायचं होतं पण जीभ रेटत नव्हती, ते मला दिसत होतं.

"शैला, एक बोलू? राग मानू नको."

"बोला ना अक्का."

"तू न्हवतीस तवा पोरगी ठणठणीत होती."

माझा हात थांबला. "म्हणजे?"

"म्हणजे काय न्हाई. जे दिसलं ते बोलले."

"म्हणजे मी विष घालते का तिला?" माझा आवाज चढला. मी मुळातच तिखट बोलायचे, आणि इथे तर नेमकं दुखऱ्या जागीच बोट पडलं होतं. सावत्र या शब्दाला किती भ्यायले होते मी! "स्पष्ट बोला अक्का. सावत्र आहे मी, तेच म्हणायचंय ना तुम्हाला?"

"अगं बाई, मी कुठं तसं..."

"आजी."

दोघींनी वळून पाहिलं. केतकी दारात उभी होती, एक हात पोटावर धरून.

"आजी, मी बिस्कीट खाल्लं."

अक्कांनी तोंडाला पदर लावला. तेवढ्यात जयवंतराव पायातले बूट काढत आत आले, त्यांनीही ऐकलं.

"काय खाल्लंस?"

"बिस्कीट. वर्षाच्या डब्यातलं. मीच मागते. रोज मागते."

जयवंतरावांनी आयुष्यात पोरीवर हात उगारला नव्हता, तेव्हाही नाही उगारला. पण एवढा मोठा माणूस असा खाली बसला की मलाच भीती वाटली. "दोन वर्षं," ते म्हणाले. "दोन वर्षं आजी तुझ्यासाठी चुलीपुढे मरतेय, ही नवी आलेली बाई पहाटे उठून तुझं करतेय, आणि तू चोरून बिस्किटं खातेस? मरायचंय का तुला?"

त्यांनी कपाळ पुसलं.

"परीक्षा संपली की मिरजेला. मावशीकडे. ती बघेल तुझ्याकडे."

मिरजेची मावशी म्हणजे केतकीच्या आईची थोरली बहीण. शाळेत मुख्याध्यापिका, एकटी, घरात आवाज नाही की पसारा नाही. केतकी तिच्याकडे सुट्टीत चार दिवस गेली तरी फोनवर रडायची. अक्का 'नको रे, नको' म्हणत राहिल्या. जयवंतराव ऐकायला तयार नव्हते. "मला पोरगी जिवंत पाहिजे, अक्का," एवढंच म्हणाले.

आणि केतकी? चोरी पकडली गेलेलं मूल रडतं, हातपाय आपटतं. ही उभी होती शांत. डोक्यावरचं ओझं उतरवून ठेवल्यासारखी. मला काही ते पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिची वेणी घालताना मी सहज विचारल्यासारखं केलं, "कसलं होतं गं बिस्कीट?"

"गोड."

"क्रीमचं का साधं?"

ती जरा थांबली. "साधं."

"गोल का चौकोनी?"

तिने रिबिनीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग हळूच, "लक्षात नाही."

"रोज खातेस आणि लक्षात नाही?"

तिने वेणी माझ्या हातातून सोडवून घेतली. "घट्ट बांधता तुम्ही."

"केतकी, मिरजेला जायचंय तुला?"

"नाही."

"मग खरं काय ते सांग ना. मी कुणाला नाही सांगणार."

"खरंच सांगितलं." आणि हनुवटी अशी पुढे काढली की जयवंतरावच डोळ्यांपुढे आले. बापलेकीची एकच हनुवटी, एकच हट्ट.

मी जयवंतरावांना म्हटलं, "ती खोटं बोलतेय."

"ते कळलंच की काल."

"अहो तसं नाही. तिने खाल्लेलं नाहीये, आणि खाल्लं म्हणतेय."

ते माझ्याकडे बघत राहिले. "असं कोण कशाला करेल, शैला?"

त्यांनी मिरजेला फोन करून टाकला. केतकीची मावशी म्हणाली, पाठवा, जूनपासून माझ्याच शाळेत घालते.

त्याच आठवड्यात तांदळाचं पीठ संपत आलं. दळणाचा डबा एरवी जयवंतराव स्कूटरवर पुढे ठेवून न्यायचे आणि संध्याकाळी दळून आणायचे. मी लग्न होऊन आल्यापासून गिरणीचं तोंड पाहिलं नव्हतं. पण त्यांची पहिली पाळी होती, गिरणी उघडायच्या आतच ते जायचे, म्हणून मीच तांदूळ धुऊन, वाळवून, डबा कमरेवर घेऊन गेले.

पोपटअण्णांची गिरणी पेठेच्या टोकाला होती. पापण्यांपर्यंत पिठाने माखलेला भला माणूस. आत दोन चक्क्या, एक गव्हाची, एक ज्वारी-बाजरीची. बायका डब्यांची रांग लावून बसलेल्या. मी नाव सांगितलं तशी अण्णा लगबगीने पुढे आले.

"या, या वहिनी! तुम्ही व्हय कोकणच्या? द्या डबा. तुमचं आधी टाकतो." आणि माझा डबा उचलून ते सरळ गव्हाच्या चक्कीकडे निघाले.

"अहो अण्णा, तांदूळ आहेत ते. गहू नाहीत."

"ठाऊक हाय की! म्हणून तर गव्हावर टाकतोय. ज्वारीच्या चक्कीवर टाकलं की पीठ काळपट पडतंय. पांढऱ्यावर पांढरं पाहिजे. साहेबांनी मला पहिल्यांदाच सांगितलंय, अण्णा, आमची मंडळी कोकणातली, पीठ पांढरंशुभ्र लागतंय त्यांना. तवापासून तुमचा डबा मी गव्हावर गहू चालू असतानाच मधी घेतो. दुसऱ्या कुणाचं न्हाई घेत असं."

ते अभिमानाने सांगत होते. चक्कीच्या तोंडाला बांधलेल्या कापडी बाहीतून कुणाचं तरी गव्हाचं पीठ अजून भुरभुरत होतं. अण्णांनी बाहीला दोन थापा मारल्या, तो डबा बाजूला केला, माझ्यातले तांदूळ घमेल्यात काढून तो खाली लावला आणि ते वर ओतायला हात उचलला.

"थांबा!"

मी एवढ्याने ओरडले की रांगेतल्या बायका उठून उभ्या राहिल्या. डब्यात तळाशी वाटीभर पीठ पडलंसुद्धा होतं. एकही तांदूळ दळलेला नव्हता अजून. मी ते बोटांत घेतलं. पिवळसर, मऊ, गव्हाचं.

"अण्णा, हे काय आहे?"

"आधीच्याचं थोडं येणारच की वहिनी. मूठ दोन मूठ. सगळ्यांच्याच पिठात येतंय. आणि कमी-जास्त काय होत न्हाई, त्याचं तुम्हाला, तुमचं पुढच्याला, हिशोब सारखाच."

बायका हसल्या. एक म्हणाली, मुठीनं काय होतंय बाई, एवढं काय जिवाला लावून घेता. मी त्यांना सांगितलं काय होतं ते. पोरीला गहू चालत नाही, चिमूटभरही नाही, महिनाभर पोटात कळा येतायत, शाळेतून उचलून आणावी लागते. बोलता बोलता माझा आवाज फाटला. अण्णांनी चक्की बंद केली. गिरणीत एकदम एवढी शांतता झाली की रस्त्यावरच्या सायकलची घंटी ऐकू आली.

"वहिनी," ते म्हणाले, "उपासाचं दळण असतं तर मी चक्की झाडून, पुसून, मग घेतली असती. दर एकादशीला घेतो. लेकराच्या दुखण्याचं हाय, हे मला कुणी बोललंच न्हाई हो."

खरंच होतं. कुणी बोललं नव्हतं, कारण कुणाला सुचलंच नव्हतं. अक्कांची ज्वारी कायम ज्वारीच्या चक्कीवर गेली, म्हणून भाकरीने कधी काही झालं नाही. त्या माणसाने आमच्यावर माया केली, जयवंतरावांनी माझी हौस केली, मी केतकीची हौस केली, आणि सगळ्यांची माया त्या पोरीच्या पोटात जाऊन टोचत होती. मी न दळलेले तांदूळ घेऊन घरी आले. रस्त्यात मला कुणी हाक मारली का, हे मला माहीत नाही.

घरी जाऊन जुन्या डब्यातलं उरलंसुरलं पीठ मागच्या दारी ओतून टाकलं आणि अक्कांना सगळं सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"मी तुला नको ते बोलले गं."

"बोललात ते बरोबरच निघालं की अक्का," मी म्हणाले, आणि दोघी रडता रडता हसायला लागलो. मग अक्का मधेच थांबल्या.

"मग ते बिस्कीट?"

जयवंतरावांनी आल्यावर तेच विचारलं. ते तडक केतकीकडे निघाले होते, मी आडवी आले. म्हटलं, तुम्ही नाही विचारायचं. आणि आज तर नाहीच. आधी तिचं पोट शांत होऊ दे. "आणि मिरजेला फोन लावा. नाही येत म्हणून सांगा." त्यांनी लगेच लावला. मावशी काय बोलल्या कुणास ठाऊक, पण फोन ठेवल्यावर जयवंतराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते.

काही दिवस केतकीला नुसती तांदळाची पेज दिली. मिक्सरचं भांडं मी घासून घासून आरशासारखं केलं. मग एके सकाळी रात्रभर भिजवलेले तांदूळ घरातच वाटले, मीठ-पाणी घातलं आणि घावन केलं. गिरणीचा संबंधच नको. ताटली तिच्यापुढे ठेवली.

"हे घरी वाटलंय. यात गहू नाही. पण भीती वाटत असली तर खाऊ नकोस, मी पोहे करते."

तिने माझ्याकडे बघितलं आणि खाल्लं. तो सगळा दिवस मी फोनजवळून हलले नाही. अक्का जपमाळ घेऊन बसल्या होत्या, माळ मात्र एकाच मण्यावर. फोन वाजला नाही. संध्याकाळी पोरगी उड्या मारत आली आणि दप्तर फेकून म्हणाली, भूक लागली. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्याही. मग आमचा जीव भांड्यात पडला.

रविवारी सकाळी घाई नव्हती. जयवंतराव बाजारात गेले होते, अक्का मागच्या दारात होत्या. केतकी घावन खात होती. मी गॅस बारीक केला आणि तिच्यासमोर पाट घेऊन बसले.

"केतकी, बिस्कीट नव्हतंच ना?"

तिने घास चावला, गिळला, आणि मान हलवली. नव्हतं.

"घावन खाल्लं की पोट दुखतं, हे तुला कळलं होतं का?"

तिने घावनाची कड तोडली. मग, "तुम्ही साखरपुड्याला गेला होतात ना, तेव्हा कळलं. तेव्हा नव्हतं दुखत."

"आणि तरी स्टँडवर येऊन मलाच म्हणालीस, उद्या घावन करा?"

"हो."

"अगं पण का?" माझा आवाज नको तेवढा चढला. "एवढ्या कळा येत होत्या तुला! एका शब्दाने सांगायचंस मला, नको म्हणून. मी काय मारलं असतं तुला?"

ती ताटलीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "तुम्ही जाताना मोठी पिशवी नेली होती. आजी शेजारच्या काकूंना म्हणत होती, कोकणातली माणसं, इकडं करमतंय का नाही काय माहीत. मला वाटलं, तुम्ही येणारच नाही."

"आले ना पण मी."

"हो. पण घावन बंद झालं असतं तर? भाकरी आजी करते. कपडे, भांडी करायला बाई येते. तुम्ही घावन करता. घावनच नको म्हटलं, तर मग तुम्ही इथं कशाला राहाल?"

मी पाट तिच्याजवळ ओढला.

"आणि आजी तुम्हाला बोलायला लागली," ती म्हणाली, "म्हणून मग मी बिस्कीट सांगितलं."

"तुला मिरजेला पाठवणार होते गं."

"माहितीये." तिने मोठ्या शहाण्यासारखी मान डोलावली. "पण मग तुम्ही पप्पांकडे राहिला असतात. मी सुट्टीत आले असते ना भेटायला."

मी तिला ओढून मांडीवर घेतलं. तिचा हात रसाने चिकट होता, तो माझ्या साडीला लागला, लागू दे. ती अंग आखडून बसली आणि मग हळूहळू सैल झाली. किती हलकी होती हो! दहा वर्षांच्या पोरीला काही वजनच नव्हतं.

"ऐक," मी म्हणाले. "मी घावनं करायला नाही आले इथं."

"मग?"

"तुझ्याकडे आले. तुझ्या पप्पांकडे, आजीकडे. राहायला आले."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "घावन नाही केलं तरी राहाल?"

"राहीन."

"कधीच नाही केलं तरी?"

"अगं, उद्या तो तवा भंगारात घातला तरी राहीन. तू मोठी होऊन मला घराबाहेर काढलंस तरी ओसरीवर पथारी टाकून राहीन."

तिने विचार केला. चांगला सावकाश, हनुवटी पुढे काढून. मग माझ्या मांडीवरून उतरली, ताटली माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "मग उद्यापासून भाकरीच द्या मला. ताजी. घावन मला एवढं आवडत नाही. आणि तो गोड रस तर अजिबात नाही."

मागच्या दारात अक्कांना असा ठसका लागला की मिश्रीची डबी अंगणात उडाली. केतकी तिकडे पळाली, आजीच्या पाठीवर थापा मारायला.

मी तिची ताटली पुढे ओढली आणि उरलेलं घावन, वाटीतल्या रसासकट, मीच खाऊन टाकलं. चांगलं झालं होतं हो.